डेलमिराच्या हाताचा गुण

डेलमिरा ओयार्साबाल गव्हाण डोळ्यांनी बघायची नाही, हाताने बघायची. उजाडलं की गुरांच्या वाडग्यात जायची, सिमेंटच्या लांबलचक गव्हाणीत कोपरापर्यंत हात घालायची आणि तळ चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. तळाशी थोडा ओलसर चुरा लागला की झालं, सगळं ठीक. नुसती चाटून गुळगुळीत केलेली फरशी लागली, तर गोऱ्हे उपाशी राहिलेत, आज थोडं वाढवायचं. आणि मूठभर दाणे लागले, तर काहीतरी बिनसलंय. कुणाचं तरी पोट दुखतंय, नाहीतर कालचं मिश्रण आंबलंय. मग गोऱ्हे उठून उभे राहीपर्यंत ती तिथेच थांबायची, आणि कोण उठायला कुरकुरतोय ते बघायची.

आमच्या सान्ता आल्बिना गावात कुणालाही विचारा, कोवळे गोऱ्हे पोसायला द्यायचे तर डेलमिराकडेच. तिचा नवरा बेनिग्नो होता तेव्हाही खरं काम तीच करायची. तो माणूस गोड, पण त्याचं सगळं लक्ष घोड्यांत. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता बाई वाडगं बंद करणार. केलं नाही तिने. उलट चारा मिसळायची जुनी मिक्सरगाडी विकून जरा बरी घेतली आणि ट्रॅक्टरवर स्वतः बसायला लागली. "डेलमिराच्या हाताला गुण आहे," असं लोक म्हणायचे.

तिला मात्र ते ऐकून राग यायचा. "गुणबिण काही नसतो. हिशेब असतो!" असं म्हणून ती समोरच्याला धरून बसवायची आणि माते नावाच्या कडू चहाचा पेला हातात देऊन समजावायला लागायची. त्या माणसाला ऐकायचं असो की नसो.

"हे बघा, जनावराला आधी घरखर्च असतो. उभं राहायचं, श्वास घ्यायचा, रवंथ करायचा, थंडीत अंग उबदार ठेवायचं. निम्मा चारा त्यातच जातो. तो भागला की उरेल त्याचं मांस. घरखर्चापुरतंच घातलंत तर वर्षभर घाला, गोऱ्हा आहे तिथेच! आणि पोट भरलं म्हणजे जनावर पोसलं असं समजू नका हो. पेंढा खाऊनही पोट टम्म होतं. पण पेंढ्यात ताकद किती? तो चावून पचवण्यातच अर्धी खलास. मक्याच्या दाण्यात ताकद, पण तो एकदम घातला तर पोट नासतं. खड्ड्यात मुरवलेला मुरघास बरा, पण ओला असला की बादली तीच दिसते आणि आत निम्मं पाणी. पाण्याने कुणाच्या अंगाला मांस चढलंय का कधी?"

ऐकणारा माणूस मान हलवत माते संपवायचा आणि सटकायचा. पण गोऱ्हे तिच्याकडेच आणून सोडायचा, हेही खरं.

आमच्याकडे अर्धलीने पोसायची रीत आहे. गोऱ्हे एकाचे, चारा दुसऱ्याचा. येताना वजन करायचं, जाताना वजन करायचं, मधे जेवढं वाढलं ते दोघांत निम्मं. साधा व्यवहार, पण त्यात एक अट असते. वजनाच्या आदल्या रात्री गोऱ्हे चारा-पाण्यावाचून कोंडून ठेवायचे, म्हणजे पोटातलं निघून जातं आणि काट्यावर जनावर चढतं, त्याच्या पोटातलं पाणी नाही. परक्याशी व्यवहार असला की ही अट कुणी सोडत नाही. तो कोंडायला विसरला तर तोंडावर सांगतात, उद्या या.

पण कोंपाद्रेला ही अट कोण घालणार? आनाक्लेतो बुस्तिन्सा म्हणजे डेलमिराच्या लेकाचा धर्मपिता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. बाप्तिस्म्याच्या दिवशी लिसांद्रोला त्यानेच हातावर घेतलं होतं. बेनिग्नोच्या शवपेटीला पहिला खांदा त्याचाच. अशा माणसाचे गोऱ्हे आले आणि तुम्ही म्हणालात, "थांबा, आज रात्री कोंडून ठेवू, उद्या मोजू," तर त्याचा अर्थ एकच, कोंपाद्रे, तुम्ही चोर आहात. असं कुणी बोलत नाही इथे. आनाक्लेतोचे गोऱ्हे दर वर्षी ट्रकमधून उतरायचे ते थेट काट्यावरच जायचे. त्यात कधी पाव किलोचा वाद झाला नाही.

लिसांद्रो शहरात धान्याच्या गोदामावर कामाला. मुलगा वाईट नाही. दर रविवारी यायचा, येताना आईला आवडणारे बिस्किटांचे पुडे आणायचा, हातोडी घेऊन कुठेतरी काहीतरी ठोकून द्यायचा. पण तीन-चार वर्षं त्याने एकच धोशा लावला होता. एक पेरणीवाली कंपनी आसपासच्या जमिनी भाड्याने घेत होती. सोयाबीन लावायचं, कुंपणं काढायची, गव्हाणी फोडायच्या, सगळं सपाट करायचं. भाडं दर महिन्याला घरी येणार. आईने शहरात यायचं, त्याच्या घराशेजारी छोटं घर घ्यायचं.

"आई, वय काय तुझं? जानेवारीच्या भर उन्हाळ्यात ट्रॅक्टरवर बसतेस!"

"बसते. तुला बसायला सांगते का?"

"मागच्या थंडीत पाय घसरून चिखलात पडलीस. कोण होतं उचलायला?"

"कोण कशाला लागतं? उठले की."

असंच एकदा जेवणाच्या टेबलावर वाजलं. आनाक्लेतोही होता. लिसांद्रो हट्टाला पेटला आणि डेलमिराने चमचा ठेवला. "ऐक. ज्या दिवशी माझ्या हाताने गोऱ्हा वाढणार नाही ना, त्या दिवशी मी स्वतः म्हणेन, चल. वाडगं मीच मोडून देईन. तोवर हा विषय माझ्या टेबलावर नको. कोंपाद्रे, तुम्ही साक्षीदार." आनाक्लेतो हसला. "मी साक्षीदार," म्हणाला आणि त्याने भाकरीने ताटातला रस्सा पुसून घेतला.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि मका जळाला. डेलमिराने मक्याच्या जागी ज्वारीचा मुरघास घातला. नवीन चारा म्हणून तिला धाकधूक होती. सहकारी संस्थेत चाऱ्याचा सल्ला देणारी रोसीओ नावाची मुलगी आहे. तिने मुरघासाचा नमुना तपासून आणला. "काकू, ताकद बरी निघाली आहे, मक्यापेक्षा थोडीच कमी. सूर्यफुलाची पेंड घाला, वर थोडा दाणा भरडून द्या. दिवसाला किलोच्या आसपास सहज वाढतील." दोघींनी बसून मिश्रण ठरवलं. डेलमिराला बोलायला माणूस मिळालं की बरं वाटायचं, आणि रोसीओ तर घरखर्चाचं सगळं भाषण आवडीने ऐकायची.

एप्रिलच्या सुरुवातीला आनाक्लेतोचे गोऱ्हे आले. सोबत लिसांद्रोही होता. सुट्टी काढून मदतीला आलो, म्हणाला. गोऱ्हे काट्यावर चढले आणि डेलमिराने भुवया उंचावल्या.

"काय हो कोंपाद्रे, दुष्काळात बरे भरलेत!"

"शेवटी शेवटी ओटचा हिरवा चारा उगवला ना आमच्याकडे. नशीब."

ती खूश झाली. भरलेलं जनावर आलं की पोसायला सोपं. एक गोष्ट मात्र तिला खटकली. ट्रकमधून उतरलेले गोऱ्हे आधी हौदावर तुटून पडतात. हे नुसते उभे राहिले. एकानेही पाण्याला तोंड लावलं नाही. बिचकले असतील, असं म्हणून तिने सोडून दिलं.

मग आमच्याकडची जून-जुलैची थंडी आली, आणि ती थंडी नुसती आली नाही, बसलीच. दक्षिणेकडून वारा सुटला की दोन-दोन दिवस थांबायचा नाही, आणि वाऱ्याआधी पाऊस. वाडग्यात घोट्यापर्यंत चिखल. डेलमिराला एकच काळजी: जनावर ओलं झालं की घरखर्च वाढतो, ऊब राखण्यातच चारा जातो. ती दाणा वाढवायची, बसायला कोरडी जागा म्हणून मातीचा उंचवटा पुन्हा पुन्हा ओढून करायची, त्यावर गहू काढल्यावरचा पेंढा पसरायची. रोज पहाटे हात गव्हाणीत. रोज हाताला तेच लागायचं, थोडा ओलसर चुरा. सगळं ठीक. गोऱ्ह्यांच्या अंगावर तकाकी आली होती, शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळे हाताला लागत होते. तिला वाटलं, या वर्षी आनाक्लेतो खुशीने टोपी उडवेल.

थंडीच्या शेवटी कत्तलखान्याचा माणूस आला. तो परका, त्यामुळे रात्रभर गोऱ्हे कोंडले, सकाळी काट्यावर घेतले. पहिल्या खेपेला डेलमिराला वाटलं काटा अडकलाय. तिने स्वतः काट्यावर चढून बघितलं, काटा बरोबर होता. दुसरी खेप, तिसरी. धरलं होतं त्यापेक्षा दर गोऱ्ह्यामागे वीस-बावीस किलो कमी. सगळ्या कळपात एकही सुटला नाही.

कत्तलखान्याचा माणूस दुसरीकडे बघून शिट्टी वाजवायला लागला. आनाक्लेतोने टोपी काढली, पुन्हा घातली. "असू द्या, कोमाद्रे," तो म्हणाला. "वय होतं माणसाचं. मला माझा वाटा पुरता नको. तुमचा चारा गेलाय, तुम्ही जास्त ठेवा." एवढं मन मोठं केलं त्याने! त्याच्या त्या मोठ्या मनाने डेलमिरा लाजेने जमिनीत गेली. ती कुंपणाच्या फळीला धरून उभी राहिली आणि माणसांसमोर रडली. बेनिग्नोच्या वेळी रडली नव्हती ती असं. वजनाला आलेला लिसांद्रो पुढे झाला आणि त्याने तिला मिठीत घेतलं.

"आई, दमलीस गं तू. त्यात लाज कसली?"

ती त्याच्या छातीत तोंड खुपसून म्हणत राहिली, "माझं कुठे चुकलं रे? कुठे चुकलं?" तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. चूक शोधायची म्हणून सगळं उकरून काढलं. मुरघासाच्या खड्ड्यात खोल हात घालून वास घेतला. मिक्सरगाडीची पाती उतरवून धार बघितली. वाडग्यातलं शेण बादलीत घेऊन पाण्याने धुतलं, चाळणीत गाळलं, अख्खे दाणे न पचता निघून गेलेत का ते बघायला. एक-दोन निघाले. एवढे तर नेहमीच निघतात. रोसीओला बोलावलं. रोसीओने सगळा हिशेब पहिल्यापासून मांडला, चिखल धरला, वारा धरला, तरी उत्तर जुळेना.

"काकू, चाऱ्यात चूक नाही. चिखलाने थोडं खाल्लं असेल, पण इतकं नाही. मला नाही समजत, खरंच."

डेलमिराने त्यातलं चिखलाचं तेवढं मनावर घेतलं. म्हणजे मी वाडगं कोरडं ठेवलं नाही. म्हणजे मला वाटलं ठेवलं, पण ठेवलं नाही. म्हणजे आता माझ्या डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला कळत नाही. असंच होत असेल माणूस म्हातारा होताना, तिला वाटलं, आपल्याला तेवढं कळत नाही, बाकी सगळ्यांना कळतं. भाजीत तिखट जास्त झालं तरी ती घाबरायची. गॅस बंद केला का म्हणून दोनदा परत यायची.

एका रविवारी तिने स्वतःच विषय काढला. "बोलाव त्या कंपनीवाल्याला," असं ताटाकडे बघत म्हणाली. "शब्द दिला होता मी." लिसांद्रोने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "बरं होईल आई, बघ तू." पुढच्याच्या पुढच्या सोमवारी कंपनीचा माणूस सही घ्यायला येणार असं ठरलं. मिक्सरगाडी शेजारचा शाब नावाचा शेतकरी घेऊन जाणार होता. त्याने अदबीने विचारलं, "नक्की ना, डोन्या डेलमिरा?" ती म्हणाली, "घेऊन जा बाबा, मला बघवत नाही."

घर आवरायला काढलं तेव्हा कोंबड्यांचं काय करायचं हा प्रश्न आला. शहरात कोंबड्या कुठे ठेवणार? आनाक्लेतोची बायको नेलिदा हिला त्या आवडायच्या, म्हणून डेलमिराने त्या खुराड्यासकट जुन्या पिकअपमध्ये टाकल्या आणि ओढ्यापलीकडे तिच्याकडे गेली. आनाक्लेतो घरी नव्हता. नेलिदा अंगणात कपडे वाळत घालत होती. बाई बोलकी, मनात काही ठेवणारी नाही.

"अगं बाई, सगळ्या मला? आणि तू रविवारचं अंडं कुठलं खाणार, दुकानातलं?" तिने कोंबड्या सोडल्या, पाणी ठेवलं, मग पाण्यावरून तिला आठवलं. "तुझ्या लेकाला सांग, माझी पाण्याची टाकी अजून विसरले नाही मी!"

"कसली टाकी?"

"एप्रिलातली! तुझ्याकडे गोऱ्हे पाठवायच्या आधी नाही का? आमच्या ह्यांनी आणि त्याने मिळून त्या गोऱ्ह्यांना मीठ चारलं. कोरड्या गवतावर मीठ, आणि हौद बंद. मी म्हटलं, काय औषधपाणी असेल. मग आदल्या रात्री हौद सोडला, आणि ते मेले पितायत, पितायत, थांबायचं नाव नाही! पाणी उपसणारी पवनचक्की बंद, वारा नाही, टाकी गेली की सगळी. सकाळी मी अंगाला साबण लावून उभी आणि नळाला थेंब नाही! हाका मारतेय, तर हे दोघे ट्रक घेऊन निघालेसुद्धा. सगळी लाज कुंपणाला टांगून विहिरीवर गेले गं मी, टॉवेल गुंडाळून!"

नेलिदा हसत होती. डेलमिराही हसली, म्हणजे तोंड तसं झालं तिचं.

"लिसांद्रो होता?" तिने विचारलं.

"होता म्हणजे? मिठाची पोती त्यानेच उतरवली शहरातून आणलेली. का गं?"

"काही नाही. निघते मी."

"अगं, माते तरी घे!"

पिकअप ओढ्याच्या पुलापाशी आणून तिने थांबवली. आधी राग आला तो आनाक्लेतोचा, आणि तो यायला सोपा होता. चोर. पोटात पाणी भरून काट्यावर चढवलं, म्हणजे येतानाचं वजन फुगलं, म्हणजे वाढ कमी दिसली. त्या गोऱ्ह्यांनी माझ्या हौदाला तोंड लावलं नाही ते बिचकून नाही, पोटात जागा नव्हती म्हणून! तिने स्टीअरिंगवर हात आपटला. माझा हात बरोबर होता. मुरघास बरोबर होता. रोसीओचा हिशेब बरोबर होता. चिखलाचा इतका काही संबंध नव्हता.

पण मग ते जुळेना. चोराने चोरी कशाला केली? किलो मिळावेत म्हणून. आणि आनाक्लेतोने तर आपल्या वाट्यातलं सोडून दिलं होतं. हातात आलेलं परत केलं त्याने. म्हणजे त्याला किलो नको होते. मग काय हवं होतं?

हे कळायला तिला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने दार उघडलं आणि ती उतरून पुलाच्या कठड्यावर बसली. त्यांना तिचा शब्द हवा होता. टेबलावर दिलेला. माझ्या हाताने गोऱ्हा वाढणार नाही त्या दिवशी. तिचे गोऱ्हे तर वाढले होते. मग काय, तिला तसं दिसू द्यायचं नाही एवढंच करायचं होतं. त्यासाठी कुणी सांगितलं असेल बरं, की येताना कोंडायची अट एक कोंपाद्रे सोडून सगळ्यांना आहे? आनाक्लेतोला ठाऊकच होतं. आणि लिसांद्रो तर त्याच वाडग्यात वाढला होता.

त्या रविवारी तिने रोजच्यासारखा स्वयंपाक केला. मटणाचा रस्सा, त्यात रताळी, भोपळा, कणसांचे तुकडे. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून आनाक्लेतोलाही बोलावलं होतं. दोघे जेवायला बसले. तिने वाढलं आणि स्वतः बसली नाही.

"कोंपाद्रे, नेलिदाच्या टाकीत पाणी भरलं का हो?"

आनाक्लेतोचा घास हातातच राहिला. लिसांद्रोने वर बघितलंच नाही, आणि तिथेच तिला सगळं कळलं. तोवर तिच्या मनात कुठेतरी होतं, की निदान त्याला नीट सांगितलं नसेल, त्याला फसवलं असेल.

"कोमाद्रे, ऐका तर..."

"ऐकते की. बोला."

"मी बेनिग्नोला शब्द दिला होता. तुमची काळजी घेईन म्हणून. तुम्ही एकट्या, ट्रॅक्टर, तो चिखल..."

"बेनिग्नोचं नाव माझ्या टेबलावर काढू नका! तो घोड्यांत वेळ घालवायचा, पण त्याने कुणाच्या पोटात पाणी भरून वजन फुगवलं नाही. उठा."

"डेलमिरा..."

"उठा म्हणते! आणि तो घास खाऊन उठू नका, ठेवा तिथेच."

आनाक्लेतो उठला. दारापाशी त्याने टोपी घातली आणि लिसांद्रोकडे बघितलं, जणू तो काहीतरी बोलेल. त्याच्या पिकअपचा आवाज रस्त्यापर्यंत गेला, मग ऐकू येईना.

"आई, तुझ्यासाठीच केलं गं," लिसांद्रो म्हणाला. "तू ऐकलंच नसतंस. दर थंडीत मला झोप येत नाही. फोन वाजला की वाटतं, कुणीतरी सांगणार, तुझी आई वाडग्यात पडलेली सापडली."

"मग तसं सांगायचंस! भांडायचंस, ओरडायचंस, ट्रॅक्टरची किल्ली घेऊन पळायचंस. मी काय तुला मारलं असतं? माझी जमीन घेतली असतीस तरी मी म्हटलं असतं, पोटचा पोर आहे, घेतली. पण तू माझ्या हाताखालचं काढून घेतलंस रे. मी शेण धुऊन बघत होते, लिसांद्रो! माझ्याच हाताचा मला संशय यायला लागला. गॅस बंद केला का म्हणून दोनदा उठते मी. वेडी झाले असं वाटायचं मला. आणि तू रविवारी येऊन बिस्किटं ठेवायचास टेबलावर."

तो रडायला लागला. रडताना तो लहानपणी दिसायचा तसाच दिसत होता, आणि तिचं आतून तुटत होतं. उठून त्याचं डोकं पोटाशी धरावं असं तिला वाटत होतं. ती उठली नाही.

"त्या दिवशी काट्यापाशी मला मिठीत घेतलंस," ती म्हणाली. "मी विचारत होते, माझं कुठे चुकलं. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तरी पाठीवरून हात फिरवत होतास."

तिने त्याचं ताट उचललं, रस्सा पातेल्यात ओतला. आपल्या हातात काही खोट नव्हती, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं.

"कंपनीवाल्याला सांग, यायचं नाही. मिक्सरगाडी न्यायला येऊ नकोस म्हणून शाबला मी सांगते. त्याचे गोऱ्हे पोसायचेत म्हणाला होता मागे. तो परका आहे. बरं आहे परका."

लिसांद्रोने डोळे पुसले, खुर्चीवरचं जाकीट घेतलं आणि दारात थांबला. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण पोरासारखा दाराच्या चौकटीला नखाने खरवडत होता.

"पुढच्या रविवारी येऊ ना, आई?"

ये की, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. घर त्याचंच होतं. या दाराला कधी कुलूप नसायचं, येतो म्हणून कळवायची रीत नव्हती. पण त्याच्या पाठीमागे त्याच्या पिकअपच्या हौद्यात आता कसली पोती आहेत का ते बघायला तिची नजर गेली, आणि आपली नजर तिकडे गेली हे तिला कळलं, त्यालाही कळलं.

"येण्याआधी फोन कर," ती म्हणाली.